शेजारचे सेंटर फॉरवर्ड

रेनातो मोरेल्ली टीव्हीवर फुटबॉल बघायचे ते आवाज पूर्ण बंद करून. शनिवारी दुपारनंतर इंग्लंडमध्ये, रीडिंगमधल्या आमच्या गल्लीत घराघरांतून कॉमेंट्री आणि आरोळ्या ऐकू यायच्या. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं त्यांचं घर तेवढं गप्प. पहिल्यांदा त्यांच्याकडे सामना बघायला बसलो तेव्हा मला वाटलं, रिमोट बिघडला असणार. मी मदतीला हात पुढे केला, तर त्यांनी रिमोट उचलून स्वतःच्या मांडीखाली सरकवला.

"बॉल कुठे आहे ते हा माणूस ओरडून सांगतो," ते म्हणाले. "ते मलाही दिसतं. ज्याच्याकडे बॉल नाही तो काय करतोय, ते बघायचं असतं. ते हा सांगणार नाही."

मग टीव्हीच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवायचे. "हा बघ. हा आता आत घुसणार." आणि तो खरंच घुसायचा. गोल होईपर्यंत रेनातो खुर्चीत मागे रेललेले असायचे. जे व्हायचं ते त्यांच्या लेखी आधीच होऊन गेलेलं असायचं.

मी आणि अनघा दोन हजार चार साली पुण्याहून तिथे गेलो. एम-फोर महामार्गाला लागून असलेल्या एका ऑफिसात माझी सॉफ्टवेअरची नोकरी, आणि ऑक्सफर्ड रोडच्या मागे भाड्याचं सेमी-डिटॅच्ड घर. त्या जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्यात रेनातो आणि त्यांची इंग्रज बायको डॉरथी राहायचे. दोघंही पंच्याहत्तरी ओलांडलेली. मूलबाळ नव्हतं. पहिल्याच आठवड्यात आम्ही कचऱ्याचं चुकीचं बिन रस्त्यावर ठेवलं, आणि सकाळी बघतो तर एक रुंद खांद्यांचा, पांढरे केस मागे वळवलेला म्हातारा ते ओढत परत आणतोय. उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. फाटक उघडावं तसा तो कमरेतून बाहेर फेकून ते चालायचे.

"हा कागदाच्या कचऱ्याचा आठवडा," त्यांनी सांगितलं. "नाव काय तुझं?"

"मिलिंद."

"मिलिंदो," त्यांनी दुरुस्त केलं. त्यानंतर पाच वर्षं मी त्या घरात मिलिंदोच होतो. इतकी वर्षं इंग्लंडमध्ये काढूनही त्यांचं इंग्लिश असंच होतं. व्यंजनावर संपणारा शब्द त्यांना अर्धवट सोडल्यासारखा वाटायचा.

त्यांच्या कपाळावर, बरोबर मधोमध, एक उभा जुना व्रण होता. अनघाने पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला गंध लावल्यासारखं वाटलं. तिने तसं सांगितल्यावर ते खूश झाले. मग कळलं की त्यांच्या तरुणपणी चामड्याच्या बॉलला बुटासारखी नाडी असायची, आणि पावसात भिजलेला बॉल त्या नाडीच्या बाजूने डोक्यावर घेतला की कातडी फाटायची.

"म्हणजे हेडर मारताना डोळे मिटून चालत नाही," ते म्हणाले. "नाडी कुठे आहे ते बघायचं आणि मग डोकं घालायचं. फार वेळ नसतो. पण असतो."

"आणि हा कसा झाला?" अनघाने व्रणाकडे बोट केलं.

"त्या दिवशी नाडी दिसली होती. पण गोलही दिसत होता."

अनघाला पहिलं वर्षभर नोकरी नव्हती, त्यामुळे शेजार खरा तिनेच जोडला. सकाळी अकराच्या सुमारास तिला पलीकडून कॉफीचं बोलावणं यायचं. चहा म्हणजे दवाखान्यात देतात ते पेय, असं रेनातोंचं मत होतं. ते अनघाच्या हातची आमटी वाटीने प्यायचे आणि दर वेळी तक्रार करायचे की याच्यात भिजवायला पाव का देत नाही. रविवारी सकाळी मागच्या दारात वर्तमानपत्र पसरून स्वतःचे आणि डॉरथींचे बूट चमकवायचे. बागेत त्यांनी अंजिराचं एक झाड जगवलं होतं. थंडी सुरू झाली की त्याला जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळायचे, आणि डॉरथी म्हणायच्या, "मला कधी एवढं गुंडाळलं नाही याने." डॉरथी म्हणजे किडकिडीत, कायम लगबगीत असलेली बाई. रेनातोंसाठी त्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन इटालियन शिकल्या होत्या, आणि घरात दोघं तीच भाषा बोलायचे. भिंतीतून आम्हाला ती ऐकू यायची. भांडतायत की प्रेमाने बोलतायत, ते कधीच ओळखू यायचं नाही.

ऑपरेशनने गुडघा सुधारेल असं जीपी, म्हणजे त्यांचा नेहमीचा डॉक्टर, कित्येक वर्षं सांगत होता. रेनातो ऐकत नव्हते. "या गुडघ्याला आधीच पुष्कळ लोकांनी हात लावलाय," एवढंच म्हणायचे.

हे लोक कोण, ते आम्हाला एका रविवारी समजलं. दोघं आमच्याकडे जेवायला आले होते. जेवण झाल्यावर मी सहज विचारलं, तुम्ही नेमके कुठे खेळायचात? सेंटर फॉरवर्ड म्हणजे काय, हेही मला धड माहीत नव्हतं. रेनातोंनी टेबलावर नजर फिरवली आणि अनघाचा मिसळणाचा डबा पुढे ओढला. सगळ्या वाट्या बाहेर काढल्या. मोहरी, जिरं, हिंग मागे उभे केले, तिखट उजवीकडे, धणे-जिरे पूड डावीकडे, आणि सगळ्यांच्या पुढे, मधोमध हळद.

"हा मी," हळदीवर बोट ठेवून ते म्हणाले. "गोल करण्यापलीकडे मला काम नाही. आणि हा आल्दो." धणे-जिऱ्याची वाटी त्यांनी टेबलाच्या कडेकडेने सरकवत नेली. "हा असा पळत जातो, कोणाच्या हाती लागत नाही, आणि शेवटी बॉल उचलून मधे टाकतो. कुठे? मी जिथे आहे तिथे नाही. मी जिथे पोचणार आहे तिथे."

वाट्या इकडून तिकडे जात राहिल्या. टेबलक्लॉथवर हळद सांडली, त्यांची बोटं पिवळी झाली, आणि अनघाने अवाक्षर काढलं नाही. ते सांगत गेले. इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरचं एक छोटं बंदराचं गाव. वडील न्हावी. युद्ध संपलेलं; मैदानात एका कोपऱ्यात बॉम्बचा खड्डा अजून बुजवायचा होता, तो टाळून खेळायचं. त्यांचा क्लब दुसऱ्या दर्जाचा, पण त्या वर्षी हे दोघं असे काही जुळले होते, की गावातली दुकानं सामन्याच्या दिवशी लवकर बंद व्हायची. बाहेरगावी जायचे तेव्हा दोघं एका खोलीत राहायचे, एकाच पलंगावर उलटसुलट झोपायचे. "मी कुठे पळणार हे आल्दोला माझ्या आधी कळायचं," ते म्हणाले.

मग उत्तरेतल्या एका मोठ्या क्लबचा माणूस रेनातोंना बघायला येणार असं ठरलं. त्या क्लबमध्ये गेलं, की राष्ट्रीय संघाचं दार उघडल्यासारखंच होतं. आणि नेमका त्याच सुमारास त्यांचा गुडघा सुजायला लागला. फार नाही. त्यांनी ते सगळ्यांपासून लपवलं. फक्त दोघांना माहीत होतं. एक आल्दो, आणि दुसरा बेप्पे, क्लबचा मालिशवाला. तोच रोज लेप लावून पट्टी बांधायचा.

"मोठ्या क्लबचा माणूस आला. मी दोन गोल केले. त्याने माझा हात हातात घेतला, सगळं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. तो माणूस गेला होता. म्हणे, या मुलाचा गुडघा संपलाय, तुम्ही आम्हाला फसवत होतात." रेनातोंनी हळदीच्या वाटीवर हलकेच झाकण ठेवलं. "बेप्पेने सांगितलं. ज्याचे हात माझ्या गुडघ्यावर होते, त्याने."

"कशावरून?" मी विचारलं.

"दोघांनाच माहीत होतं. आणि एक तर आल्दो होता."

हे ते इतक्या सहज बोलले, की पुढे विचारायला काही उरलंच नाही. मोठ्या क्लबचा माणूस रिकाम्या हाताने परत गेला नव्हता. त्याने आल्दोला नेलं. रेनातो स्वतः स्टेशनवर पोचवायला गेले होते, आल्दोची बॅग उचलून. निदान आपल्यातला एक जण तरी वर गेला, म्हणून त्यांना आनंदच झाला होता. त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या खेळाडूंसमोर बेप्पेला गद्दार म्हटलं होतं आणि त्याच्या खांद्यावरच्या टॉवेलवर ते थुंकले होते. अध्यक्षांनाही कोणीतरी दोषी हवाच होता. बेप्पेला काढून टाकलं. गुडघा लपवल्याचा राग मनात धरून रेनातोंना पुढच्या थंडीत गोठलेल्या मैदानावर खेळवलं गेलं, आणि तिथे गुडघा कायमचा गेला. पुढे काही काळाने ते कामाचं कंत्राट घेऊन इंग्लंडला आले, रीडिंगच्या बिस्किटांच्या कारखान्यात लागले. डॉरथी तिथेच पॅकिंगला होत्या.

आल्दो मात्र मोठा झाला. इटलीत त्याचं नाव झालं, राष्ट्रीय संघातून खेळला, पुढे प्रशिक्षक झाला. आणि तो रेनातोंना विसरला नाही, हे ते फार अभिमानाने सांगायचे. दर नव्या वर्षाच्या सकाळी त्याचा फोन यायचा. त्या फोनची रेनातो कोट घालून वाट बघायचे. एकदा एका संघाबरोबर इंग्लंडला आला असताना तो खास रीडिंगला येऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जेवून गेला होता. "एवढा मोठा माणूस," रेनातो म्हणायचे, "आणि ट्रेनने आला."

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात इटलीने विश्वचषक जिंकला. तो अंतिम सामना आम्ही त्यांच्याच बैठकीत बघितला, अर्थातच आवाजाशिवाय. पेनल्टीची वेळ आली तशी रेनातो उठून अंजिराला पाणी घालायला गेले. "हे फुटबॉल नाही," ते म्हणाले. "ही लॉटरी आहे." आम्ही ओरडलो तेव्हा त्यांना निकाल कळला. पाइप हातात धरून ते दारात आले, डॉरथींना जवळ घेतलं आणि त्यांच्या कार्पेटवर भरपूर पाणी सांडलं.

त्यानंतरच्या शरद ऋतूत इटलीहून फोन आला. आल्दोला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती, म्हणून तिकडची एक टीव्ही वाहिनी त्याच्यावर कार्यक्रम करत होती. त्याच्या जुन्या जोडीदाराची मुलाखत घ्यायला ते रीडिंगला येणार होते. रेनातो आठवडाभर जमिनीवर नव्हते. सूट ड्रायक्लीन करून आणला, डॉरथींना केस सेट करायला पाठवलं. आम्हालाही बोलावलं. "या," ते म्हणाले, "मी प्रसिद्ध होताना बघा."

एक तरुण निवेदिका आणि एक कॅमेरामन आले. मुलगी हसरी, मोकळी होती. रेनातो खुर्चीत ताठ बसले, कॉलरला माइक लावलेला. मी, अनघा आणि डॉरथी मागच्या सोफ्यावर दाटीने बसलो. मुलाखत इटालियनमध्ये होती, म्हणून डॉरथी आमच्या कानाशी कुजबुजत भाषांतर करत होत्या. बॉम्बचा खड्डा, बॉलची नाडी, उलटसुलट झोपणं. सगळं आमच्या ओळखीचं होतं. मग मुलगी म्हणाली, आल्दोसाहेबांची मुलाखत आम्ही मागच्या आठवड्यात घेतली, त्यातला एक भाग तुम्हाला दाखवते. तिने लॅपटॉप रेनातोंसमोर ठेवला. कॅमेरा लॅपटॉपकडे नव्हता. तो रेनातोंच्या चेहऱ्याकडे होता.

पडद्यावर एक देखणा, गुलाबी म्हातारा दिसला. रेनातो त्याला बघून मोठ्याने हसले. "आधी तो रेनातोबद्दल बोलतोय," डॉरथींनी आम्हाला सांगितलं. "म्हणतोय, रेनातोसारखं डोकं पुन्हा कोणाचं बघितलं नाही. म्हणतोय, त्या आठवड्यात मोठ्या क्लबचा माणूस आला होता." आणि एवढं सांगून त्या थांबल्या. पडद्यावर आल्दो अजून हसतमुखाने बोलतच होता, रेनातो अजून हसतच होते, पण डॉरथींनी कप खाली ठेवला आणि त्या रेनातोंच्या पाठीकडे बघत राहिल्या.

मग रेनातोंचं हसणं थांबलं. आल्दो पडद्यावर खो खो हसला, आणि ते चित्र तिथेच थांबलं.

"तुम्हाला काय वाटलं ऐकून?" मुलीने विचारलं असावं. तिचा स्वर खेळकर होता. इतक्या जुन्या गोष्टीवर दोन म्हातारे मिळून हसतील, असं तिला खरंच वाटलं असेल.

रेनातो पडद्याकडे बघून एकच शब्द बोलले. "बेप्पे?"

त्यांनी कॉलरचा माइक काढून टेबलावर ठेवला. मग आमच्याकडे वळले आणि इंग्लिशमध्ये, अगदी सावकाश म्हणाले, "मिलिंदो, तुला कळलं नसेल. मी सांगतो. त्या क्लबच्या माणसाने आल्दोला विचारलं, तुझा मित्र कसा आहे? आल्दो म्हणाला, खेळतो सुंदर, पण त्याचा गुडघा गेलाय. मग त्याने विचारलं, आणि तुझे गुडघे? आल्दो म्हणाला, माझे दोन्ही शाबूत आहेत." ते थांबले. "विनोद चांगला आहे. म्हणून तो हसला."

कोणीच हसत नव्हतं. कॅमेरा चालूच होता. मग त्यांची नजर डॉरथींकडे गेली.

"तू भाषांतर का थांबवलंस?"

"रेनातो, लोक आहेत."

"तो बोलायच्या आधी थांबलीस. मी ऐकत होतो तुला. तुला माहीत होतं पुढे काय आहे."

डॉरथींनी मान खाली घातली. नाही म्हणाल्या असत्या तर रेनातोंनी मानलं असतं, असं मला अजून वाटतं. त्या नाही म्हणाल्या नाहीत. कॅमेरामनने आपणहून कॅमेरा खाली केला.

रेनातो उठले, त्या मुलीला म्हणाले, "कॉफी संपवा, थंड होते," आणि पाय फेकत बागेत निघून गेले.

खरं काय ते डॉरथींनी दुसऱ्या दिवशी अनघाला सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. आल्दो रीडिंगला जेवायला आला होता तेव्हा रेनातो वाइन आणायला कोपऱ्यावर गेले होते. तेवढ्या वेळात तो डॉरथींपाशी रडला. त्याने केलं ते सगळं सांगितलं आणि विचारलं, आता रेनातोलाही सांगू का?

"मी म्हटलं, तुला हलकं वाटावं म्हणून त्याला जड करू नकोस," डॉरथी म्हणाल्या. "अनघा, वर्षातून एकदा तो फोन यायचा आणि हा माणूस पुन्हा पंचविशीतला व्हायचा. ते मी कसं काढून घेऊ?"

"मग आता ते काय म्हणाले?"

"म्हणाला, आल्दोने एकदा फसवलं. तू रोज सकाळी, कॉफी देताना."

अनघाने त्यांना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. त्यांना घरी जाऊन रेनातोंचं जेवण करायचं होतं.

त्या दिवसापासून भिंतीतून येणारी इटालियन बंद झाली. रेनातो घर सोडून गेले नाहीत, ओरडले नाहीत, वेगळ्या खोलीतही झोपायला गेले नाहीत. फक्त बायकोशी इंग्लिश बोलू लागले. तेही मोठ्या अदबीचं. थँक्यू डॉरथी. नो थँक्यू डॉरथी. आधी ते तिला दोरा म्हणायचे. त्या मात्र इटालियनमध्येच बोलत राहिल्या. ती एकतर्फी भाषा ऐकणं आम्हाला भांडणापेक्षा अवघड वाटायचं. रविवारी बूट चमकवणं चालू होतं, दोघांचेही. तेव्हा अनघा आशेने म्हणायची, "अरे, तिचे बूट तर घासतायत ना." पण घासून झाल्यावर ते पूर्वीसारखी हाक मारायचे नाहीत. जोड दारात ठेवायचे आणि आत जायचे.

कार्यक्रम इटलीत दाखवला गेला. मुलाखतीतून रेनातोंचा तो चेहरा ठेवला होता की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही. कोणी विचारलंही नाही. नव्या वर्षाच्या सकाळी मी शुभेच्छा द्यायला त्यांच्याकडे गेलो तेव्हा फोन वाजला. रेनातो कोट न घालता, नुसत्या स्वेटरमध्ये बसले होते. डॉरथी दारात उभ्या राहिल्या. फोन बराच वेळ वाजू दिल्यावर रेनातोंनी उचलला. पलीकडून मोठा, आनंदी आवाज आला, तो मलाही ऐकू येत होता. रेनातोंनी आल्दोला पूर्ण बोलू दिलं. मग एक प्रश्न विचारला. पलीकडून छोटंसं उत्तर आलं. रेनातोंनी रिसीव्हर अंडं ठेवावं तसा अलगद खाली ठेवला.

"मी विचारलं, बेप्पे कुठे आहे?" ते मला म्हणाले. "तो म्हणाला, कोण बेप्पे?"

वसंत सुरू झाल्यावर ते एकटे इटलीला गेले. डॉरथींनी बॅग भरून दिली. हीथ्रोला मी सोडलं आणि आठवड्याने आणायलाही मीच गेलो. गाडी एम-फोरला लागली.

"बेप्पे कधीच गेला," मग ते म्हणाले. "त्याची मुलगी भेटली. तीही म्हातारी झालीय. मी दारात नाव सांगितलं. म्हणाली, तुम्ही फार उशीर केलात, पण आत या."

"रागावल्या का?"

"नाही. तेच वाईट." त्यांनी काठी दोन्ही पायांमध्ये उभी धरली होती. "बेप्पेला सगळं माहीत होतं, मिलिंदो. आल्दो आणि तो माणूस मालिशच्या खोलीबाहेर बोलले होते, आणि बेप्पे आत टॉवेलांच्या घड्या घालत होता. त्याने शब्दन् शब्द ऐकला. मी तिला म्हटलं, मग मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, बाबा वाट बघत होते, तुम्ही येऊन विचाराल म्हणून. गावात होतात तोपर्यंत वाट बघत होते. नंतर तुम्ही इंग्लंडला गेल्याचं कळलं. आणि मग तिने मला विचारलं, त्यांनी आपणहून सांगितलं असतं, तर तुम्ही विश्वास ठेवला असता का?"

मेडनहेडची पाटी गेली.

"मी म्हटलं, नाही."

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "गुडघा आल्दोने घालवला. ते त्याचं. पण टॉवेलवर थुंकलो मी. ते त्याने नाही केलं." थोड्या वेळाने पुन्हा, स्वतःशीच: "बेप्पेने तो टॉवेल घडी घालून खांद्यावर तसाच ठेवला होता. मला वाटलं, निर्लज्ज आहे."

घरी पोचलो तेव्हा डॉरथी दार उघडून उभ्याच होत्या. त्यांनी इटालियनमध्ये काहीतरी विचारलं. "यस," ते म्हणाले. "आय फाउंड हिज डॉटर. थँक्यू, डॉरथी."

पुढची दोन वर्षं तशीच गेली. ते आमच्याकडे यायचे, आमटी प्यायचे, मी कधी सामना लावला तर आवाज बंद करायला लावायचे. आता मात्र कोण कुठे घुसणार ते सांगत नसत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "बघतोय. पण आता माझा माझ्यावर विश्वास नाही." आल्दोचा फोन पुन्हा आला नाही. काही महिन्यांनी तो गेल्याची बातमी आली. इटलीच्या एका रेडिओवाल्याने दोन शब्द बोला म्हणून फोन केला, तेव्हा रेनातोंनी घरात तशा नावाचं कोणी राहत नाही असं सांगितलं, असं डॉरथी म्हणाल्या.

दोन हजार नऊमध्ये माझं प्रोजेक्ट संपलं आणि आम्ही पुण्याला परतायचं ठरवलं. त्याच आठवड्यात रेनातोंनी कोणालाही न विचारता जीपीला होकार कळवून टाकला होता. एवढ्या वर्षांनी ऑपरेशनला तयार का झालात, असं अनघाने विचारलं. "चालून बघतो," एवढंच म्हणाले.

आम्ही निघालो त्या सकाळी त्यांना हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं. मी म्हटलं, मी गाडीने सोडतो, विमानाला वेळ आहे. त्यांनी ऐकलं नाही. दारातच माझे दोन्ही गाल धरून निरोप घेतला, अनघाच्या हाताला ओठ लावले आणि बसस्टॉपकडे निघाले. डॉरथी त्यांची छोटी बॅग घेऊन मागून गेल्या.

आमची गाडी कोपऱ्यावर आली तेव्हा बस आलेली होती, म्हणून मला थांबावं लागलं. बसची पायरी उंच होती. डॉरथी आधी चढल्या आणि वळून त्यांनी हात पुढे केला. रेनातोंनी त्या हाताकडे बघितलं. मागे लोक खोळंबले होते. त्यांनी हात धरला नाही. काठी उचलून डॉरथींच्या हातात दिली, मग दोन्ही हातांनी दांडा पकडला, ताठ पाय आधी वर टाकला आणि स्वतःला ओढून आत घेतलं. आत गेल्यावर ते खिडकीपाशी बसले. डॉरथी शेजारी बसल्या, बॅग पायाशी ठेवून. काठी त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर आडवी धरली होती, आणि बस निघाली तरी ती परत मागायला रेनातोंनी हात पुढे केला नव्हता.